क्लाउडचे शिक्षण काटोलपर्यंत कसे येईल?

काटोल म्हटले की लोकांना संत्री आठवतात. आठवायलाच पाहिजेत, कारण आमच्या तालुक्यातल्या कित्येक घरांची चूल त्या फळावर पेटते. आम्ही नवरा-बायकोही त्यातलेच. एक जण बाजारात हमाली करतो, दुसरी हंगामात संत्र्याची प्रतवारी करते आणि हंगाम सरला की शिवणयंत्रावर बसते. असल्या घराने क्लाउड कॉम्प्युटिंगवर चार शब्द लिहावेत याचे कुणाला हसू येईल. पण वाचकहो, ज्या विषयावर आपल्या मुलांची उद्याची भाकरी ठरणार आहे, तो विषय आईबापांना अजिबात ठाऊक नसला, तर पैसा कुठे जातो आणि पोर कुठे अडते हेच कळत नाही. म्हणून हा प्रपंच.

आमची थोरली मुलगी बीसीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. नागपूर विद्यापीठाच्या भागात ही पदवी घरोघर माहीत आहे. अर्धा वाणिज्य, अर्धा संगणक. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा कंपन्यांची कार्यालये आली, तेव्हापासून आमच्यासारख्या घरांना वाटू लागले की पोरीला पुण्याला धाडायची गरज नाही, एसटीच्या अंतरावर नोकरी मिळेल. त्या आशेवर तिला शिकवले.

गेल्या हिवाळ्यात ती नागपूरला एका कंपनीच्या मुलाखतीला गेली. क्लाउड म्हणजे काय, असे विचारले. तिने घडाघडा सांगितले. मग समोरच्या साहेबाने संगणक तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, "आता एक सर्व्हर सुरू करून दाखवा." तिथे तिचे हात थांबले. नागपूरच्या बड्या कॉलेजातली मुले ते काम पाच मिनिटांत करून बाहेर आली. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला सगळं पाठ होतं. पण हात लावायला कधी मिळालंच नाही."

विहिरीच्या काठावर बसून पोहणे शिकता येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मग विद्यापीठाच्या पदवीत ही विहीर का नाही? याचा शोध आम्ही गेले सहा-सात महिने घेत आहोत. जे कळले ते इथे सांगतो.

आधी क्लाउड म्हणजे काय ते पाहू. हा प्रश्न आमच्या घरी आजीने विचारला. "का वं, लोकं आपले कागदपत्र ढगात का ठेवून राहिले? पाणी आलं तं?" मुलगी हसली आणि तिने बिछायतीचे उदाहरण दिले. आपल्या वस्तीत लग्न असले की दोनशे ताटे, मोठे गंज, पराती, सतरंज्या, शामियाना कोणी विकत घेत नाही. बिछायत केंद्रातून आणतो, कार्य झाले की मोजून परत करतो, जितके दिवस वापरले तितके भाडे देतो. क्लाउड ही संगणकांची बिछायत. मोठ्या कंपन्या हजारो संगणक एका जागी मांडतात आणि ज्याला हवे त्याला तासावर भाड्याने देतात.

त्यातही तीन तऱ्हा आहेत. नुसती भांडी आणायची आणि स्वयंपाक आपण करायचा, ही पहिली. भांडी, शेगडी, सगळी मांडणी तयार, आपण फक्त आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करायचा, ही दुसरी. आणि थेट वाढलेल्या ताटावर बसायचे, ही तिसरी. आपण मोबाईलवर ई-मेल पाहतो तो तिसऱ्या पंगतीतला प्रकार. नोकरी मात्र पहिल्या दोन पंगतींत भांडी हाताळणाऱ्याला मिळते.

अमेरिकेतील एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०११ साली क्लाउडची व्याख्या ठरवली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तीच असते. तिच्यात पाच खुणा सांगितल्या आहेत. हवे तेव्हा स्वतःच मागता यावे, कुठल्याही यंत्रावरून पोहोचता यावे, एकाच साठ्यातून अनेकांना वाटप व्हावे, गरज वाढली की झटपट वाढवता आणि घटली की घटवता यावे, आणि वापर मोजला जावा. आमच्या मुलीने मुलाखतीत हेच पाच मुद्दे सांगितले होते. उत्तर चूक नव्हते.

चौथी खूण संत्र्याच्या तोडणीतून चांगली समजते. एका मजुराने शंभर दिवस तोडणी केली काय आणि शंभर मजुरांनी एक दिवस केली काय, मजुरी सारखीच पडते. पण शंभर दिवस संत्रे झाडावर थांबत नाही. क्लाउडवर एका दिवसासाठी शंभर यंत्रे घेता येतात आणि दुसऱ्या दिवशी सोडून देता येतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी एकाच वेळी लाखो घरे एकच पान उघडतात. त्या एका दुपारसाठी वर्षभर शेकडो यंत्रे पोसणे कुणाला परवडेल?

आणि हा ढग आभाळात नाही, जमिनीवर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत. गूगलने २०१७ साली मुंबईत. भारत सरकारने २०१४ साली स्वतःचा राष्ट्रीय क्लाउड सुरू केला, त्या योजनेचे नावच मेघराज. म्हणजे माल आपल्याच राज्यात आहे. तो हाताळायचे शिक्षण तेवढे काटोलला यायचे आहे.

मग अडते कुठे? आम्हाला तीन अडचणी दिसल्या.

पहिली अडचण अभ्यासक्रमाची. ॲमेझॉनने भाड्याने साठवण आणि यंत्रे देण्याचा हा धंदा २००६ साली सुरू केला. आज त्यांच्या यादीत दोनशेहून अधिक सेवा आहेत आणि त्यात सतत भर पडते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम मात्र आधी अभ्यास मंडळात, मग विद्यापरिषदेत मंजूर होतो, मग पुस्तक छापले जाते, मग ते आमच्या पोरीच्या हाती पडते. यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही, पद्धतच तशी आहे. आपलेच विद्यापीठ नव्हे, जगातल्या बहुतेक विद्यापीठांपुढे हा पेच आहे. रोज बदलणारी गोष्ट तीन-चार वर्षांनी बदलणाऱ्या पुस्तकातून कशी शिकवायची?

दुसरी अडचण शिक्षकांची. तालुक्याच्या कॉलेजांत संगणक शिकवणारे कित्येक शिक्षक तासिका तत्त्वावर असतात. सकाळी एका कॉलेजात तास, दुपारी दुसऱ्या गावी. त्यांनी नवे शिकायचे कधी आणि कोणाच्या पैशाने?

तिसरी अडचण ऐकायला क्षुल्लक, पण सर्वांत जाच करणारी. क्लाउडवर खाते उघडायला गेले की क्रेडिट कार्डाचा नंबर मागतात. हमालाच्या घरी क्रेडिट कार्ड कुठून येणार? आणि कोणाचे उसने घेतले, तरी भीती राहतेच. यंत्र सुरू करून बंद करायचे विसरले की रात्रभर शेतातला मोटारपंप चालू राहावा तसे बिल चढत जाते. म्हणून सांगतो, मुलांनी कोणाचे कार्ड उसने घेऊन शिकण्याच्या भानगडीत पडू नये.

मुलाखतीनंतर आम्हाला नागपूरच्या एका खाजगी क्लासचा फोन आला. तीन महिन्यांचा कोर्स, फी ३५,००० रुपये, नोकरीची हमी. हमी लेखी मागितली तर मिळेना. घरात दोन दिवस यावरच बोलणे चालले होते. गळ्यातले मोडायचीही तयारी होती. पण मुलीनेच हट्ट धरला की आधी फुकट काय मिळते ते पाहू, मग ठरवू. तिच्या त्या हट्टामुळे पुढचे सगळे कळले.

फुकटात पहिली पायरी आपल्या सरकारची आहे. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससी या संस्थांनी २००३ साली एनपीटीईएल सुरू केले आणि २०१७ पासून केंद्र सरकारचा स्वयम् हा मंच आहे. त्यावर आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सौम्य कांती घोष यांचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम आहे. मोबाईलवर पाहता येतो, शिकण्याला पैसे नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी, आणि त्या फीत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना सवलत देण्याची पद्धत आहे. जातीचा दाखला तयार ठेवावा. एनपीटीईएलने बऱ्याच अभ्यासक्रमांच्या मजकुराची भारतीय भाषांत भाषांतरे केली, त्यांत मराठीही आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंतच्या विषयांचे श्रेयांक स्वयम् वरच्या अभ्यासक्रमांतून घेता येतात, मात्र विद्यापीठाने ते मान्य करायला हवेत. म्हणजे अभ्यासक्रम जुना राहिला तरी त्याच्या शेजारी ताजा विषय बसवण्याची वाट कायद्याने मोकळी आहे.

दुसरी पायरी हात लावण्याची. ॲमेझॉनचा एज्युकेट नावाचा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्यात आता तेरा वर्षांपुढच्या कोणालाही साध्या ई-मेलवर नाव नोंदवता येते, कार्ड लागत नाही, आणि काही प्रयोग प्रत्यक्ष करता येतात. मायक्रोसॉफ्ट कॉलेजच्या विद्यार्थ्याला वर्षभरासाठी १०० डॉलरची जमा देते, म्हणजे आठ हजार रुपयांहून जास्त, तीही कार्डाशिवाय. ॲमेझॉनचाच ॲकॅडमी नावाचा दुसरा कार्यक्रम खास कॉलेजांसाठी आहे. त्यात कंपनी तयार अभ्यासक्रम कॉलेजला फुकट देते, शिक्षकांना शिकवून मान्यता देते आणि मुलांना ठरावीक मर्यादेचे प्रयोगखाते देते. अभ्यासक्रम बदलायचे काम कंपनी करते, त्यामुळे तो शिळा होत नाही.

कंपन्या हे दानधर्म म्हणून करत नाहीत, हे आपण ओळखून असावे. आज ज्या बिछायतीची भांडी हाताळायला शिकलो, उद्या त्याच बिछायतीत जाण्याची सवय लागते. म्हणून मुलांनी पाया वेगळा घालावा. लिनक्स, नेटवर्क, एका यंत्रात अनेक यंत्रे कशी भासवतात, हे सगळे कॉलेजच्या साध्या संगणकावर शिकता येते. लिनक्स १९९१ पासून आहे आणि फुकट आहे. दुकान बदलले तरी हा पाया उपयोगी पडतो.

जगात इतर ठिकाणी काय चालले आहे? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने क्लाउडचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष प्रकल्पांवर उभा केला. मुले खऱ्या क्लाउडवर काम करतात आणि त्यांचे काम यंत्रच तपासून गुण देते, कुठे चुकले तेही सांगते. हाच अभ्यासक्रम ऑनलाइन मंचावरून त्यांनी छोट्या कॉलेजांनाही खुला केला. आम्हाला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. तपासण्याचे ओझे यंत्राने उचलले, तर तासिकेवरचा शिक्षकही चाळीस मुलांचा प्रयोगवर्ग घेऊ शकेल.

आणि आपल्याला हे अगदी नवे आहे असेही नाही. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या खेड्यांत उघडली. अभ्यासक्रम एका ठिकाणी तयार व्हायचा, सराव गावात व्हायचा. आपल्या किती पोरापोरींनी त्या प्रमाणपत्रावर नोकरीचे अर्ज भरले! तीच रीत क्लाउडला का लागू नये?

पण या सगळ्या पायऱ्या चढताना एका जागी पुन्हा कुलूप लागले. मायक्रोसॉफ्टच्या त्या जमेसाठी मुलगी खरोखर विद्यार्थिनी आहे याचा पुरावा लागतो, आणि सर्वांत सोपा पुरावा म्हणजे कॉलेजच्या नावाचा ई-मेल पत्ता. आपल्या पोरांजवळ असतो तो घरगुती ई-मेल. रेशनकार्डावर नाव नाही म्हणून धान्य अडावे, तसा हा प्रकार. गंमत अशी की असा पत्ता द्यायला कॉलेजला फारसा खर्चही येत नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघेही मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना ही सोय विनामूल्य देतात. कोणीतरी अर्ज करायचा असतो आणि पत्ते काढून द्यायचे असतात, इतकेच.

आम्ही बारा पालकांनी सह्या करून मुलीच्या कॉलेजात अर्ज दिला. काय मागितले? इमारत नाही, नवे संगणक नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला कॉलेजच्या नावाचा ई-मेल, आणि शनिवारी दोन तास संगणक प्रयोगशाळा उघडी. पहिल्या खेपेला उत्तर मिळाले, "पाहू." दुसऱ्या खेपेला आम्ही मजुरी पाडून गेलो. तिसऱ्या खेपेला एक तासिकेवरचे सर स्वतः पुढे झाले आणि म्हणाले, कागदपत्रांचे मी करतो. दीड महिन्याने शेवटच्या वर्षाला पत्ते मिळाले. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे अजून बाकी आहे.

त्यानंतरच्या शनिवारी मुलीने पहिला सर्व्हर सुरू केला. त्यावर आपल्या विहारातल्या अभ्यासिकेत असलेल्या पुस्तकांची यादी टाकली. बाजारात पोती उतरवता उतरवता ती यादी मोबाईलवर पाहिली. पान उघडायला क्षणभरही लागला नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिले तर पान गायब. घरी आजीने विचारले, "एवढं केलं अन् बंद काहून केलं?" मुलगी म्हणाली, "आजी, कार्य झालं. भांडी मोजून परत दिली. नाहीतर भाडं चढते ना!" आजीला क्लाउड त्या दिवशी पुरता समजला.

आता रविवारी सकाळी ती अभ्यासिकेत सहा मुलांना शिकवते. दोघांकडेच लॅपटॉप आहे, बाकीचे पाळीपाळीने बसतात. तिने नियम घातला आहे. आधी खर्चाची मर्यादा आणि इशारा लावायचा, मग यंत्र सुरू करायचे, आणि उठण्याआधी सगळे बंद झाले की नाही हे शेजारच्याने तपासायचे. सहातल्या चार मुली आहेत. एकीचे वडील सुरुवातीला म्हणाले, "पोट्टी रविवारी घरी राह्यली तं मायले हातभार लागते." आता तेच तिला सायकलवर सोडून जातात.

मुलीला नोकरी अजून लागलेली नाही. हे लपवून काय करायचे? सरावाला चार महिने झाले आहेत, एनपीटीईएलची परीक्षा व्हायची आहे, आणि पुढच्या मुलाखतीचे पत्र यायचे आहे. पण साहेबाने संगणक वळवला तर हात थांबणार नाहीत, एवढे नक्की झाले आहे. आणि ३५,००० रुपये घरात आहेत. धाकट्याच्या प्रवेशाला ते लागतीलच.

ज्यांची मुले संगणक घेऊन शिकत आहेत अशा आईबापांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलांना इंग्रजीत काय चालले ते आपल्याला कळत नाही म्हणून गप्प बसू नका. तीन प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. कॉलेजच्या नावाचा ई-मेल मिळाला का? या आठवड्यात प्रत्यक्ष हाताने काय केले? आणि स्वयम् वरचा विषय आपल्या पदवीत धरतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर शेजारच्या चार पालकांना सोबत घ्या आणि कॉलेजात जा. एकट्याने गेलात तर बाकावर बसवून ठेवतात. बारा जण गेलो की खुर्च्या कमी पडतात, मग साहेबांना उभे राहून बोलावे लागते.

ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्या अभ्यासिकेत यावे. मुले तिथेच असतात. अर्ज एका पानाचा आहे.